बोटीच्या विंडशील्डवरचे पाण्याचे डाग आणि सेरियम ऑक्साइडचा किट : वापरून झाल्यावर लिहितोय

ऊन समोरून आलं की विंडशील्डमधून पुढचं धड काही दिसायचं नाही, म्हणून मी या भानगडीत पडलो. सावलीत काच स्वच्छ वाटायची पण सूर्याकडे तोंड केलं की सगळी काच पांढऱ्या गोल गोल रिंगणांनी भरलेली, आणि नेमकी स्टिअरिंगसमोर सगळ्यात जास्त. पाण्यात तरंगणारं लाकूड किंवा एखादी छोटी होडी त्या पांढऱ्यात लपली तर काय, हा विचार एकदा डोक्यात आला आणि मग चैन पडेना.

हे डाग समुद्राच्या मिठाचे असतात असं बरेच जण समजतात, मीही समजायचो, पण मीठ साध्या पाण्यानं विरघळून निघून जातं. चिकटून बसतं ते आपण बोट धुतो त्या नळीच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. लिटरमागे १८० मिलीग्रॅमच्या वर हे क्षार असले की ते पाणी फारच जड समजतात. असलं पाणी काचेवर तसंच सोडलं की उन्हात थेंब आटतो आणि क्षार मागे राहतात, कडेला जरा जास्तच, म्हणून रिंगण दिसतं. पुसायचा कंटाळा करून वर्षभर हेच चालू ठेवलं तर थरावर थर चढतात, आणि मग खालची काचसुद्धा खाल्ली जाते.

म्हणून काच पॉलिश करायचा हा किट घेतला. त्यात आलं काय तर सेरियम ऑक्साइडची, म्हणजे काच घासून चमकवायची, फिकट गुलाबीसर पावडर, ड्रिलला लावायची वेलक्रोची चकती, दोन फेल्टचे पॅड आणि एक स्प्रेची बाटली. पावडरची क्वालिटी चांगली आहे, एकदम मैद्यासारखी बारीक, चिमटीत घासून बघितली तर कुठे कचकच लागत नाही. पॅडही घट्ट आहेत, कडा सुटल्या नाहीत. माझी तक्रार आहे ती आतल्या माहितीपत्रकाची, कारण त्यात सरळ 'पाण्यात कालवा आणि पॉलिश करा' एवढंच लिहिलंय. मी तसंच केलं आणि पहिली अख्खी संध्याकाळ फुकट गेली, डाग तसेच आणि पॅड मात्र पांढऱ्या चिकट थरानं भरून गेला.

मग शांतपणे बसून काचेवरून नख फिरवून बघितलं तेव्हा लक्षात आलं, डाग दोन प्रकारचे आहेत. काहींवर नख खरखरतं, म्हणजे क्षार काचेच्या वर बसलेत. काहींवर नख गुळगुळीत जातं तरी डाग दिसतोच, म्हणजे तिथे काचच खराब झालीय. पावडरचं काम फक्त दुसऱ्या प्रकारावर आहे. पहिला प्रकार आधी आंबट काहीतरी लावून काढायलाच लागतो, त्याला पर्याय नाही, आणि ही एवढी एक ओळ त्या पत्रकात असती तर किती जणांचा वेळ वाचला असता.

मी साधं पांढरं व्हिनेगर वापरलं. विंडशील्ड तिरकी असल्यामुळे नुसतं ओतलं की वाहून जातं, म्हणून टिश्यू पेपर भिजवून काचेवर चिकटवले आणि वीस मिनिटं ठेवले, मधेमधे परत भिजवत राहिलो. एक कोपरा उचलून अगदी जवळून बघितलं तर डागावरून बारीक बारीक बुडबुडे निघत होते, क्षार विरघळत असल्याची ती खूण. त्याआधी ॲल्युमिनियमच्या फ्रेमला मास्किंग टेप लावून घ्या, ॲसिड जास्त वेळ राहिलं तर फ्रेमवर चट्टे पडतात आणि ते परत निघत नाहीत. शेवटी भरपूर पाण्यानं धुवा. आणि व्हिनेगर असो की दुसरं कुठलं ॲसिड, ब्लीचच्या जवळसुद्धा नेऊ नका, दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

एवढं करून जे थोडं खरखरीत राहिलं ते ब्राँझ वूलनं, म्हणजे ब्राँझच्या बारीक तारांच्या गोळ्यानं, ओल्या काचेवर हलक्या हातानं घासलं. स्टील वूलनंही निघेल, पण बोटीवर ते आणूच नये असं माझं मत, त्याचे बारीक तुकडे डेकवर पडतात आणि काही दिवसांत जिथे पडले तिथे गंजाचे ठिपके उमटतात. ब्लेडनं खरवडायचा सल्लाही मिळाला होता, तो मी घेतला नाही. टफन्ड काचेवर कधीकधी कारखान्यातच बारीक कण चिकटून आलेले असतात, ब्लेडखाली तो कण आला की लांबच लांब ओरखडा जातो. आणि 'लावा आणि लगेच पुसा' टाइपची जी जालीम लिक्विडं मिळतात त्यांचं लेबल नीट वाचा, हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा बायफ्लोराइड दिसलं तर बाटली परत ठेवा. ते काच तर खातंच पण कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतं, काच स्वच्छ करण्यासाठी एवढा धोका कुणी घेऊ नये.

आता पावडर. पातळ रंगाइतकी दाट कालवायची, फार पातळ केली तर नुसती उडते. ती पाण्यात विरघळत नाही, तळाला बसते, त्यामुळे बाटली सारखी हलवायला लागते. ड्रिल कमी स्पीडवर ठेवायचं, पॅड काचेवर सपाट टेकवायचा आणि एका वेळी दोन तळहातांएवढाच भाग घ्यायचा. पाणी सुकू द्यायचं नाही, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही पावडर नुसती घासून काम करत नाही, पाणी असताना काचेच्या वरच्या थराशी तिची रासायनिक क्रिया होते म्हणून चकाकी येते. कोरडं घासलं तर फायदा काही नाही, उलट काच तापते आणि एकाच जागी तापली तर तडकूही शकते. मी दर मिनिटाला मशीन थांबवून काचेला मागून हात लावून बघत होतो, कोमटपेक्षा जास्त लागलं की तो भाग सोडून दुसरीकडे जायचं.

पसारा प्रचंड होतो हे आधीच सांगतो. डॅशबोर्ड, सीट, रबर बीडिंग सगळीकडे गुलाबी शिंतोडे उडतात आणि वाळले की बीडिंगच्या खाचेतून काढताना जीव जातो, मला शेवटी जुना टूथब्रश घेऊन बसावं लागलं. प्लास्टिक अंथरा आणि शिंतोडे ओले असतानाच पुसा.

वेळ लागतो. स्टिअरिंगसमोरच्या अर्ध्या काचेला मला तीन संध्याकाळी लागल्या, पण चौथ्या दिवशी सकाळी सूर्य समोर असताना बोट काढली आणि त्या काचेतून पुढचं पाणी लख्ख दिसलं, इतका आनंद झाला की नांगर टाकून थोडा वेळ नुसता बघत बसलो. बारीक खाल्लेले डाग सगळे गेले. दोन खोल डाग आणि वायपरचा एक जुना ओरखडा राहिला. त्यात नख अडकतं, आणि नख अडकेल इतकं खोल असेल तर ही पावडर तिथे कमी पडते. एकाच जागी हट्टानं घासत बसलो असतो तर तिथे खळगा पडून पलीकडचं वाकडं दिसायला लागलं असतं, म्हणून सोडून दिलं.

माझ्या बोटीला बाजूच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या आहेत आणि उत्साहाच्या भरात मी तिथेही पॅड टेकवणार होतो. पावडर फक्त काचेसाठी आहे, ॲक्रिलिकला त्याचं स्वतःचं प्लास्टिक पॉलिश लागतं आणि अमोनियावाला ग्लास क्लीनर तर त्याला लावूच नये, बारीक तडे जातात. ओळखायचं कसं, तर नखानं टकटक करा, काच खणखणीत वाजते आणि प्लास्टिक बद्द. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा छोटा शिक्काही असतो.

पॉलिशनंतर काचेवर आधीचं काही कोटिंग असेल तर ते निघून जातं, म्हणून मी लगेच नवीन वॉटर रिपेलंट लावलं. पण कोटिंग आहे म्हणून पुसायचं सोडू नका, उभे राहिलेले थेंबही वाळले की डाग पाडतातच. आता शेवटचं पाणी मी डिस्टिल्ड वॉटरचं मारतो, एक स्प्रेची बाटली पुरते, आणि मग रबरी वायपरनं ओढून घेतो.

नुसते वर बसलेले ताजे डाग असतील तर हा किट घेऊ नका, व्हिनेगरनं काम होईल. व्हिनेगर लावूनही गुळगुळीत डाग राहत असतील आणि काच बदलायचा विचार डोक्यात येत असेल तर मात्र आधी हा जरूर घ्या. आणि पॅड वापरून झाला की धुऊन, वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवा, त्यात वाळूचा एक कण जरी शिरला तरी पुढच्या वेळी तोच काचेवर ओरखडे काढेल.