१८२० की १८५४? सेमिनारसाठी कोणता विषय घ्यावा
भाची एम.ए.च्या सेमिनारसाठी अडून बसलीय: अमेरिकेतल्या गुलामीच्या वादातली १८२० ची मिसूरी तडजोड घेऊ, की १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा?

समजायला तडजोड सोपी. अमेरिकन संघात मिसूरी राज्य आलं गुलामीसह, मेन राज्य गुलामीविना. सिनेटमधला गुलामीवाल्या आणि गुलामीमुक्त राज्यांचा १२-१२ असा तोल कायम. लुइझियाना खरेदीच्या (अमेरिकेने फ्रान्सकडून विकत घेतलेल्या) उरलेल्या प्रदेशात ३६°३०′ अक्षांश रेषेच्या उत्तरेला गुलामीबंदी. नकाशावर रेघ ओढली की अर्धं काम झालं.

१८५४ ला नकाशा पुरत नाही. सिनेटर स्टीफन डग्लसच्या विधेयकाने ती रेघच पुसली आणि कॅन्सस-नेब्रास्कात गुलामी हवी की नको हा निर्णय तिथे वस्ती करणाऱ्यांच्या मतांवर सोडला. कागदावर केवढी लोकशाही! प्रत्यक्षात १८५५ मध्ये मिसूरीतून हजारो गुलामी-समर्थक सीमा ओलांडून कॅन्ससमध्ये आले नि मतं टाकून परत गेले. १८५६ मध्ये कॅन्ससमधलं गुलामीविरोधकांचं लॉरेन्स गाव लुटलं गेलं. कट्टर गुलामीविरोधक जॉन ब्राउनच्या टोळीने गुलामीच्या बाजूच्या पाच जणांना ठार मारलं. गुलामांना विचारायचं मात्र दोन्ही वेळा कुणाच्या मनातही नव्हतं.

टिकाऊपणात तडजोड सरस: ३४ वर्षं. दुसरा कायदा आला आणि सात वर्षांत यादवी पेटली.

वेळ कमी असेल, सौदेबाजीच्या राजकारणात रस असेल, तर १८२०. युद्ध का झालं हे सांगायचं असेल आणि भरपूर वाचायची तयारी असेल, तर १८५४च.