क्रिकेटच्या ग्रुपवर 'आधी हो घ्या': एका इंग्लंड दौऱ्यापासून वापरात असलेल्या नियमावलीचा अनुभव

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. पाच नियम लावले होते. त्यातला एक अफलातून निघाला, दोन कामाचे, एक अर्धाच चालला, आणि एक दीड महिन्यात मोडीत निघाला. एकूण पाचपैकी साडेतीन. ज्यांच्या ग्रुपवर मॅच हरली की दोन माणसं 'लेफ्ट' होतात, त्यांनी पुढे वाचावं.

ग्रुप आमच्या मुलुंडच्या जुन्या सोसायटीतल्या क्रिकेटवेड्यांचा. निम्मे आता ठाण्या-पुण्याला, काही दुबईत, दोन-तीन घरं न्यू जर्सीत. अकरावीतल्या पोरापासून सत्तरी ओलांडलेल्या काकांपर्यंत सगळे एकाच ठिकाणी. मी शनिवार-रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धांना स्कोअरिंग करते, म्हणून आकडे चुकले की माझ्याकडे तक्रार येते. आणि आकडे बरोबर निघाले की 'तू कधी लेदर बॉल खेळलीयेस का' हा प्रश्न येतो. यायचा.

नियमांची वेळ का आली? 15 डिसेंबर 2023 ला मुंबई इंडियन्सनं रोहितच्या जागी हार्दिकला कर्णधार केलं. पाच ट्रॉफ्या दिलेला माणूस बाजूला, आणि गुजरातला गेलेला परत येऊन थेट खुर्चीवर. यावर दोन बाजू पडणारच, त्यात वाईट काही नाही. पण 2024 चा हंगाम सुरू झाला, वानखेडेवर स्वतःच्याच कर्णधाराची हुर्यो उडाली, संघ चौदापैकी चार सामने जिंकून तळाला गेला, आणि आमच्याकडे वाद कप्तानीवरून हार्दिकच्या घरापर्यंत आणि तिथून एकमेकांच्या घरापर्यंत पोचला. पुढे 29 जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात 16 धावा वाचवायला चेंडू त्याच हार्दिकच्या हातात होता. भारत 7 धावांनी जिंकला आणि पाच दिवसांनी त्याच वानखेडेवर लोक त्याच्या नावानं घोषणा देत होते. स्टेडियम असं पलटी मारू शकतं. आमच्या ग्रुपमधून बाहेर पडलेले दोघे काही परत आले नाहीत.

'फोन आले आणि लोक बिघडले' असं आमचे एक काका नेहमी म्हणतात. मला पटत नाही. 31 जानेवारी 1999, चेन्नई. पाठदुखीनं बेजार सचिननं 136 केले, आपण 12 धावांनी हरलो आणि चेपॉकच्या प्रेक्षकांनी उभं राहून पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर महिनाही झाला नसेल, ईडन गार्डन्सवर पाकिस्तानच्या शोएब अख्तरला धडकून सचिन धावचीत झाला आणि प्रेक्षक असे बिथरले की शेवटी स्टँड रिकामे करून सामना संपवावा लागला. तोच देश, तोच प्रतिस्पर्धी, तोच सचिन. स्मार्टफोन तेव्हा कुणाकडेच नव्हता. म्हणजे फरक जमावाच्या सवयीत असतो, आणि सवय लावता येते. या भरवशावर जून 2025 मध्ये, लीड्स कसोटीच्या आधी, अ‍ॅडमिन मावशींनी नियम पिन केले.

आता त्या अफलातून नियमाकडे. कुणाला खोडायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत लिहायचं. तो 'हो, हेच म्हणतोय' म्हणाला की मगच आपलं मांडायचं. ग्रुपवर याला 'हो घेणं' म्हणतात. वाचायला शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासासारखं वाटतं, मलाही वाटलं होतं. खरी परीक्षा झाली ती मँचेस्टरला.

27 जुलै, रविवार रात्र. जडेजा 89 वर, वॉशिंग्टन सुंदर 80 वर, शेवटचा तास सुरू होणार, आणि इंग्लंडचा कर्णधार स्टोक्स सामना अनिर्णित मानून हात मिळवायला पुढे आला. आपल्यांनी नकार दिला. स्टोक्सचा चेहरा पडला, एरवी क्वचितच गोलंदाजी करणाऱ्या ब्रूकच्या हातात चेंडू दिला गेला, दोघांची शतकं झाली आणि मग सामना अनिर्णित सुटला. आमच्याकडे काका म्हणाले, स्टोक्सचं बरोबर होतं. दुबईच्या दादाचं उत्तर तयारच होतं, पण मावशींनी फक्त दोन शब्द टाकले: 'हो घेतलास?'

दादानं लिहिलं, 'काकांचं म्हणणं, आपल्या पोरांनी शतकं सोडून साहेबाची सोय बघावी.'

काका: 'नाही. असं मी म्हटलेलं नाही.'

पाचेक मिनिटं 'टायपिंग' दिसत होतं, थांबत होतं, परत दिसत होतं. मग आलं: 'काकांचं म्हणणं, निकाल लागणार नव्हता हे दोन्ही संघांना कळलं होतं. चार दिवसांनी ओव्हलला परत उतरायचं होतं. मग दमलेल्या गोलंदाजांना अजून राबवण्यात अर्थ नव्हता.'

काका: 'हो. आणि आपल्या दोघांनाही विश्रांती हवीच होती.'

मग दादाची पाळी. 311 ची पिछाडी, शून्यावर दोन गडी बाद, तिथून राहुलच्या 90, गिलच्या 103, आणि मग या दोघांची भागीदारी, अशी सगळ्यांनी मिळून पाच सत्रं खेळून काढली. वेळेआधी अनिर्णित ठरवायला दोन्ही कर्णधारांची संमती लागते, एकट्या स्टोक्सची नाही. शतक द्यायचं नसेल तर बाद करा, ब्रूकला चेंडू द्यायची सक्ती कुणी केली होती? काकांनी हे सगळं नीट परत लिहिलं, त्यात 'पोरांनी ते कमावलं होतं' हे वाक्य स्वतःहून घातलं. दादाचा 'हो' आला.

मत कुणाचंच बदललं नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण असा नियम लावला की लोक एकमेकांना पटवून देतात अशी समजूत असते. आमच्याकडे तरी कुणी कुणाला पटवत नाही. झालं एवढंच, की भांडण स्टोक्सवरून सरकून खऱ्या जागी आलं: संघाचं काम झाल्यावर खेळाडूचं शतक ही कुणाची मालमत्ता? आणि तिथे दादानं काकांना अचूक पकडलं. '2004, मुलतान. सचिन 194 वर असताना द्रविडनं डाव घोषित केला. तुम्ही एकवीस वर्षं द्रविडला माफ केलेलं नाहीत. तिथे खेळाडूचं द्विशतक मोठं होतं, मग इथे शतक का नाही?' आपण ती कसोटी एक डाव आणि 52 धावांनी जिंकलो होतो हेही त्यानं जोडलं. काकांचं उत्तर: 'मुलतानचा विषय वेगळा आहे. तो उद्या.' रात्रीचा एक वाजला होता आणि अख्खा ग्रुप हसत होता, काकांसकट. एक वर्षापूर्वी याच दोघांनी एकमेकांना ब्लॉक केलं होतं.

या नियमाचे तोटेही आहेत. वेळ खातो. कॉलेजच्या पोरांना रटाळ वाटतो, ती सरळ मीम टाकून निघून जातात. आणि एक चलाख सदस्य असा निघाला की कुणी काहीही लिहिलं तरी 'नाही, मला असं म्हणायचं नव्हतं' एवढंच म्हणायचा. समोरचा दमून गप्प बसला की याचा विजय. त्यावर उपाय म्हणून आता दोनदा नकार आला की तिसरा कुणीतरी 'हो' देऊ शकतो. या दुरुस्तीशिवाय नियम लावू नका, पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हीच पळवाट शोधेल.

दुसरा नियम माझ्या आवडीचा, कारण तो मीच सुचवला: आकडा टाकायचा तर त्यात काय धरलेलं नाही तेही सांगायचं. त्याच दौऱ्यात एक फॉरवर्ड सगळीकडे फिरत होतं. बुमराह लीड्स, लॉर्ड्स आणि मँचेस्टरला खेळला, तिथे दोन हार आणि एक अनिर्णित. एजबॅस्टन आणि ओव्हलला नव्हता, तिथे दोन्ही जिंकलो. म्हणून बुमराह नको. आकडे शंभर टक्के खरे, पण निष्कर्ष डोकं फिरवणारा. सांगलीच्या एका मुलीनं (बारावीत आहे, एरवी फक्त स्मृती मानधनाबद्दल लिहिते) उत्तर दिलं: लीड्स आणि लॉर्ड्स दोन्हीकडे त्यानं डावात पाच बळी घेतले. लीड्सला इंग्लंडनं 371 चा पाठलाग केला, लॉर्ड्सला आपण 22 धावांनी हरलो. एजबॅस्टनला गिलनं 269 आणि 161 केल्या, आकाशदीपनं सामन्यात दहा बळी घेतले. बुमराहनं बाहेर बसून यातलं काय केलं? फॉरवर्ड टाकणाऱ्यानं अंगठा दिला आणि विषय संपला. कुणी कुणाला 'अडाणी' म्हटलं नाही. पूर्वी तिथूनच सुरुवात व्हायची.

तिसरा नियम: खेळाडूच्या घरच्यांना, धर्माला, जातीला, प्रांताला हात लावायचा नाही. इथे 'हो' वगैरे काही घ्यायचं नाही, अ‍ॅडमिन मेसेज उडवणार, चर्चा नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये दुबईत पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीला जे ऐकवलं गेलं, त्याला मतभेद म्हणणं म्हणजे मतभेदाचा अपमान. कर्णधार असताना कोहलीनं त्यावर जाहीरपणे सुनावलं होतं, तेवढंच पुरे.

पण या नियमाच्या सीमारेषेवर आमची एक अडचण होती, आणि ती अस्सल मराठी आहे: 'मुंबई लॉबी'. पुण्याच्या मंडळींना त्यांचा ऋतुराज गायकवाड संघाबाहेर राहिला की हे दोन शब्द आठवतात, मुंबईकरांचं डोकं तिथेच फिरतं. हा प्रांतावरचा हल्ला की निवडीवरची टीका? दोन दिवस खल झाला. शेवटी ठरलं, की 'लॉबी' म्हणायला बंदी नाही, मात्र कुणाच्या जागी कुणाला घ्यायचं ते नावानिशी लिहावं लागेल. त्यानंतर हे शब्द निम्म्याहून कमी वेळा आले, कारण नाव लिहायचं म्हटलं की समोर हाडामांसाचा कुणीतरी खेळाडू बसवावा लागतो. रायपूरला 3 डिसेंबरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ऋतुराजनं एकदिवसीय सामन्यांतलं पहिलं शतक ठोकलं तेव्हा पहिलं अभिनंदन दादरच्या एका कट्टर मुंबईकरानं टाकलं. खाली पुणेकराचं उत्तर: 'उशिरा का होईना.' एवढं चालतं.

चौथा नियम, मॅच सुरू असताना वाद बंद, जे काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी नऊनंतर. सपशेल फसला. सकाळचे नऊ कुठले, मुलुंडचे की न्यू जर्सीचे, यावरच पहिलं भांडण. मग 4 ऑगस्टला ओव्हल. इंग्लंडला 35 हव्यात, चार गडी शिल्लक, शेवटी तर जखमी वोक्स एक हात स्वेटरच्या आत बांधून पायऱ्या उतरतोय, आणि आम्ही काय गप्प बसायचं? सगळ्यात आधी नियम मोडला तो मावशींनीच. सिराजनं शेवटचा त्रिफळा उडवला, 6 धावांनी जिंकलो, आणि त्याच रात्री नियम पिनवरून काढला. माझं मत विचाराल तर तो लावायलाच नको होता. माणसं तावातावानं बोलतात ती त्याच घटकेला, तेव्हाच तोंड बांधायचं असेल तर ग्रुप हवाच कशाला.

पाचवा: संघाबद्दल मत असेल तर नाणेफेकीआधी लिहून ठेवायचं, 'मी तेव्हाच म्हटलं होतं' ऐकून घेतलं जाणार नाही. महिलांच्या विश्वचषकात जेमिमा रॉड्रिग्जला इंग्लंडविरुद्ध इंदूरला वगळलं तेव्हा बऱ्याच जणांनी 'योग्य' असं नोंदवलं. 30 ऑक्टोबरला डी. वाय. पाटीलवर ऑस्ट्रेलियाच्या 338 चा पाठलाग करताना तिनं नाबाद 127 केल्या. त्या रात्री जुने मेसेज वर आणून चिडवाचिडवी झाली खरी, पण ज्यांनी लिहिलं होतं त्यांच्यातल्या एकानं छान मांडलं: वगळलं तेव्हाच्या फॉर्मवर तो निर्णय मला आजही चूक वाटत नाही. आणि त्याला शिव्या पडल्या नाहीत. हा नियम मला आणखी चालायला हवा होता, पण दर सामन्याआधी आठवण कोण करणार? नोव्हेंबरपर्यंत नोंदी तुरळक झाल्या.

नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत ईडनची खेळपट्टी आली. 124 चं लक्ष्य, गिल मान आखडल्यामुळे फलंदाजीला नाही, आणि आपण सर्वबाद 93. खेळपट्टीचा दोष की फलंदाजांचा, यावर काका आणि दुबईचा दादा पहिल्यांदाच एका बाजूला आले (फलंदाजांचा), आणि पोरांनी त्या दोघांकडून मिळून एक 'हो' घेतला. वाद तीन दिवस चालला, सामन्याइतकाच.

कुणासाठी नाही तेही सांगते. शेकडो अनोळखी लोक असलेल्या ग्रुपवर 'हो घेणं' चालणार नाही, तिथे कुणाला कुणाच्या 'हो'ची पडलेली नसते. अ‍ॅडमिन स्वतः एका संघाचा पिसाट भक्त असेल तर तिसरा नियम पक्षपाती होतो. आमच्या मावशी कसोटीशिवाय काही बघत नाहीत, आयपीएलमध्ये त्यांना सगळे सारखेच नकोसे, त्यामुळे आमचं निभावलं.

फेब्रुवारी 2026 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाआधी चौथा नियम कायमचा गाळून उरलेले चार परत पिन करायचं ठरलं. पहिल्याचा दुरुस्त मजकूर हवा असेल तर जसाच्या तसा घ्या: 'खोडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं दोन ओळींत लिहा आणि त्याचा हो घ्या. तो दोनदा नाही म्हणाला तर तिसऱ्या कुणाचाही हो चालेल. टोमणा मारून लिहिलेलं धरलं जाणार नाही. काकांनाही हाच नियम.' शेवटचं वाक्य आपापल्या घरच्या काकांप्रमाणे बदलून घ्यावं.