घोरण्यावर जिभेची तालीम: टिळकवाडीतल्या क्लिनिकचा अनुभव

पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला ते पुढं येईलच, आधी कामाचं बोलू.

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं, पहिल्या मजल्यावर हे क्लिनिक आहे. पाटीवर 'वाचा आणि श्रवण' असं लिहिलंय, त्यामुळं लोकांचा समज असा की इथं उशिरा बोलणारी पोरं आणि कानाला मशीन लावणारी म्हातारी माणसंच येणार. मी गेलो होतो घोरण्यासाठी. तिथं ना गोळी मिळाली ना इंजेक्शन, मिळाली ती जीभ, ओठ, गाल आणि टाळूची तालीम. मायोफंक्शनल थेरपी म्हणतात तिला. नाव अवघड आहे, काम मात्र आरशासमोर उभं राहून करायचं.

मी कडोलीचा. स्वतःची पिकअप आहे. संध्याकाळी बेळगावच्या एपीएमसीत भाजी भरायची, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत साखळी, म्हापशाला माल टाकायचा. गोव्याच्या बाजारातली कोथिंबीर, कोबी, ढबू मिरची बरीचशी आमच्याच भागातनं जाते. मालाला उशीर झाला तर भाव पडतो, आणि ड्रायव्हरला पेंग आली तर काय होतं ते घाटात राहणाऱ्यांना विचारा. दुपारी भरपूर झोपूनही मला स्टिअरिंगवर बसलं की डोळे जड व्हायचे. उठल्यावर तोंडाला कोरड, डोकं ठणकतंय. मी म्हणायचो, रात्रीचा धंदा आहे, चालायचंच. शेवटी बायकोनं विषय काढला. "अहो, तुम्ही घोरताय त्याचं काय नाही वो. मधेच गप्प होताय, त्याचं भ्या वाटायलंय."

ते गप्प होणंच खरं दुखणं निघालं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं: झोपेत अंगातले स्नायू सैल पडतात, त्यात जीभही आली. ती मागं घशाकडं घसरते, मऊ टाळू लोंबतो, हवेची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतनं हवा जाताना टाळू थरथरतो, तो आवाज म्हणजे घोरणं. वाट पूर्ण बंद झाली की श्वास थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू आपल्याला दचकवून जागं करतो. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. रात्रभर हेच चाललं तर रक्तदाब वाढतो आणि दिवसा पेंग येते. एका रात्री छातीला पट्टा, नाकाखाली नळी आणि बोटाला चिमटा लावून झोपायला सांगितलं. श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा मंदावला, असं तासाला किती वेळा झालं ते त्यात मोजतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. मी मध्यममध्ये बसलो.

डॉक्टरांनी सीपॅप मशीन सांगितलं. नाकावर मास्क, त्यातनं दाबानं हवा, म्हणजे वाट मिटत नाही. १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत जगापुढं आणली आणि आजही तीव्र त्रासावर पहिला उपाय हाच. मशीन मी घेतलं, घरी झोपलो की लावतोही. पण माझी निम्मी झोप म्हापशाच्या मार्केटबाहेर केबिनमध्ये होते, तिथं ते कुठं जोडणार? हे ऐकल्यावर डॉक्टरांनीच या क्लिनिकची चिठ्ठी दिली. म्हणाले, जोडीला हे करून बघा, तुमच्यासारख्याला उपयोग होईल.

थेरपिस्ट मॅडम गोकाककडच्या. मराठी समजतं, बोलतात कन्नडच्या चालीवर. पहिल्या दिवशी त्यांनी मला घोटभर पाणी दिलं आणि माझ्या हनुवटीकडं बघत बसल्या. मला कळेना. मग आरसा समोर धरून परत प्यायला लावलं. गिळताना माझी हनुवटी आवळून सुरकुतत होती, ओठ घट्ट होत होते. "मामा, जिभेचं काम ओठ करायलेत बघा," म्हणाल्या. गिळताना जीभ वर टाळूवर दाबली पाहिजे, माझी खालीच लोळत होती. बसल्या जागी तोंडही अर्धवट उघडं. इतकी वर्षं आरशात बघून दाढी केली, पण हे कधी दिसलं नव्हतं.

जीभ ठेवायची जागा त्यांनी दाखवली, ती तुम्हीही आत्ता करून बघा. वरच्या पुढच्या दातांच्या लगेच मागं टाळूवर खडबडीत भाग लागतो, तिथं जिभेचं टोक टेकवायचं. बाकीची जीभ टाळूला चिकटलेली, ओठ मिटलेले, वरखालचे दात एकमेकांना न टेकलेले आणि श्वास नाकानं. दिवसभर जीभ तिथंच राहायला हवी. दोन मिनिटं सोपं वाटतं, पाचव्या मिनिटाला जीभ खाली आलेली असते.

बाकीची कसरत अशी. जिभेचं टोक त्याच जागेवर टेकवून टाळूवरनं मागं सरकवत न्यायचं. सगळी जीभ टाळूला चोखून धरायची आणि सोडायची, म्हणजे बैल हाकताना गाडीवान काढतो तसा टक्‌ आवाज येतो. टोक खालच्या दातांना लावून जिभेचा मागचा भाग खाली दाबायचा, हा प्रकार मला सगळ्यात अवघड गेला. मऊ ब्रशनं जिभेचा वरचा भाग आणि कडा घासायच्या. "अ" म्हणत पडजीभ वर उचलायची, कधी तोडून तोडून, कधी लांबवून. गालाच्या आत बोट घालून बाहेर ढकलायचं आणि गालानं त्या बोटाला आत दाबायचं. सदऱ्याचं मोठं बटण दोऱ्यात ओवून ओठांच्या आत धरायचं, दोरा ओढला तरी सुटू द्यायचं नाही. शेवटी फुगा: नाकानं श्वास घ्यायचा, तोंडानं फुगवायचा, मधे तोंडातनं काढायचा नाही. म्हापशात माल उतरवताना मी फुगा फुगवायला लागलो की हमाल पोरं विचारायची, "मामा, नातवाचा वाढदिवस काय?"

जेवणातही बदल सांगितला. दोन्ही बाजूंनी चावायचं आणि गिळताना जीभ वर. भाकरी चालेल, पाव-मिसळ घाईनं ढकलणं बंद. मी म्हटलं, तुमच्या गोकाकचा करदंट आणतो, डिंक आणि सुकामेवा चावता चावता व्यायाम होईल. त्या हसल्या, आणि वजनकाट्याकडं बोट केलं. मानेभोवती चरबी वाढली की घशाची वाट आणखी दाबली जाते, हे तेव्हा कळलं. रात्री दारू घेतली तर घसा आणखी सैल पडतो, हेही त्यांनी सांगितलं. ते मला लागू नाही, पण आमच्या लाईनीतल्या बऱ्याच जणांना आहे.

आता पुराव्याचं. कुणी काहीही सांगितलं की मला लगेच पटत नाही. कॉलेजला शिकणाऱ्या मुलीला बसवून शोधायला लावलं. ब्राझीलमधल्या डॉक्टरांचा २००९ साली छापून आलेला एक अभ्यास तिनं वाचून दाखवला. मध्यम त्रासाचे ३१ जण, ३ महिने. एका गटाला अशीच जीभ-टाळूची कसरत, दुसऱ्याला नुसते दीर्घश्वास. कसरत करणाऱ्यांचा तासाचा आकडा सरासरी २२ वरनं १४ च्या आसपास आला आणि वजन तेवढंच असताना मानेचा घेर कमी झाला. दीर्घश्वासवाल्यांना असा फरक पडला नाही. २०१५ मध्ये असे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा मोठ्यांमध्ये आकडा जवळपास निम्म्यावर आलेला दिसला. निम्म्यावर म्हणजे शून्यावर नव्हे, हे लक्षात घ्या. आणि हे अभ्यास लहान आहेत, शेकड्यांनी माणसं घेतलेले नाहीत. म्हणून तीव्र त्रासवाल्यानं मशीन गुंडाळून फुगा फुगवत बसू नये.

माझं म्हणाल तर मृग लागायच्या सुमाराला सुरू केलं. गणपतीपर्यंत विशेष काही नाही, फक्त सकाळी तोंड कोरडं पडायचं थांबलं. हेही थोडकं नाही. तोंडानं श्वास घेतला की लाळ सुकते, आणि लाळ नसली की दात किडतात, वास मारतो. माझ्या दाढा उगाच गेलेल्या नाहीत. पुढं बायकोनं सांगितलं की आवाज कमी झालाय. दिवाळीनंतर परत तपासणी केली, आकडा मध्यममधनं सौम्यमध्ये आला. त्या काळात वजनही थोडं उतरलं होतं, त्यामुळं श्रेय कुणाला किती ते मला वेगळं काढता येणार नाही. घाटातली पेंग गेली. कणकुंबीला चहासाठी थांबतो अजून, पण चहासाठीच.

तिथं बाकावर बसून बाकीचे पेशंट बघितले, त्यांचंही सांगायला पाहिजे. खानापूरकडनं एक बाई मुलाला घेऊन यायची. पोरगा सतत तोंड उघडं ठेवायचा, वरचे दात पुढं. त्याचं ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागची टॉन्सिलसारखी गाठ, वाढलेलं होतं, ते आधी डॉक्टरांनी बघितलं, मग तालीम. नाक बंद असताना ओठ मिटायला लावून काय उपयोग? एका मावशीला तोंडाचा लकवा झालेला. एका बाजूचा डोळा पूर्ण मिटत नव्हता, चहा ओठाच्या कोपऱ्यातनं गळायचा. औषध वेळेत मिळालं होतं आणि आता आरशासमोर हळूहळू हालचाली चालू होत्या. जोर लावून तोंड वेडंवाकडं करू नका, हे मॅडम त्यांना परत परत सांगायच्या.

आणि निपाणीकडचा एक पोरगा, पंचविशीतला. गुटखा आणि मावा खाऊन तोंड आखडलेलं. आपल्या तोंडात उभी तीन बोटं जातात, त्याच्या दोनसुद्धा कष्टानं. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, सवय झाली की आणखी एक सरकवायची, असा त्याचा व्यायाम. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि मूळ सुपारीत आहे, तंबाखू नसलेल्या सुपारीतसुद्धा. कातडी आतनं घट्ट होते, ती पूर्ववत होत नाही आणि पुढं कॅन्सरचा धोका राहतो. काड्यांनी तोंड थोडं उघडतं, पण सुपारी चालू ठेवली तर त्या काड्या वाया. आमच्या स्टँडवरच्या दोघांना मी त्या पोराचं सांगितलं. एकानं पुडी टाकली, दुसऱ्यानं मला शहाणपणा शिकवू नको म्हणून सांगितलं.

आता कापलेल्या ताऱ्याचा हिशेब. व्यायामाचा कागद कन्नड आणि इंग्रजीत मिळतो. अर्ध्याहून जास्त पेशंट मराठी, तरी मराठी कागद नाही. मागितला तर "करतो" म्हणाले, अजून तेच ऐकतोय. शेवटी मुलीनं मराठीत लिहून दिलं, ते गाडीच्या सनशेडला चिकटवलंय. दुसरं, वेळ घेऊन गेलं तरी बसावं लागतं, आणि शनिवारी तर विचारूच नका. एका बैठकीचे ५०० रुपये घेतात. सुरुवातीला दर आठवड्याला जावं लागतं, नंतर अंतर वाढतं. गावाकडच्या माणसाला व्हिडिओ कॉलवर बघतात ही सोय चांगली, पैसेही त्याचे कमी.

रोज अर्धा तास द्यायची तयारी नसेल तर फी भरू नका. मी गोव्याच्या खेपांत आठवडाभर सोडलं होतं, आवाज परत वाढल्याचं बायकोनं लगेच सांगितलं. जायच्या आधी नाक-घसा तपासून घ्या, झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट सोबत न्या, आणि जमलं तर शेजारी झोपणाऱ्या माणसालाही न्या. मॅडम अर्धे प्रश्न त्यालाच विचारतात. गाडी गेटाजवळ लावू नका. गेट पडलं की बाहेर काढता येत नाही.