मुलाचा इंग्लिशचा क्लास (सिंहगड रोड), ७ महिन्यांचा अनुभव, ५ पैकी ३ स्टार

क्लासचं नाव लिहीत नाहीये हे आधीच सांगते, कारण मुलगा अजून तिथंच जातो. आणि नाव कळून तसाही उपयोग नाही, एकाच क्लासमध्ये मला एक स्टारचा आणि पाच स्टारचा असे दोन्ही अनुभव आलेत, त्यामुळे तीन.

मुलगा तिसरीत, मराठी शाळा, सेमी. धडा वाचायला लावला की घडाघडा वाचतो पण सोसायटीतल्या कोणी साधं 'व्हॉट डिड यू ईट टुडे' विचारलं की माझ्या ओढणीमागे लपतो. आमच्या वेळी पाचवीत गेल्यावर ए बी सी डी सुरू व्हायची, २००० सालापासून राज्यात पहिलीपासूनच इंग्रजी आलं, म्हणजे याचं माझ्यापेक्षा चांगलं ४ वर्षं आधी सुरू झालंय पण तोंड उघडायची बोंब तीच. तेवढ्यात पेपरातून पॅम्फ्लेट पडलं, वर हे मोठ्ठं 'वाघिणीचं दूध', म्हणजे इंग्लिश. म्हटलं चला, बघून तर येऊ.

डेमो क्लास एकदम झकास. मिसनी पिशवीतून टोमॅटो, किल्ली, मोजा असं काय काय काढलं, पोरं ओरडत होती, माझा लाजाळू 'इट इज अ सॉक' म्हणाला आणि मी तिथंच ६ महिन्यांचे १४ हजार भरले. हीच पहिली चूक. डेमो घेणाऱ्या मिस फक्त डेमोच घेतात हो! रोजच्या बॅचला दुसऱ्या. 'मॅक्झिमम ८ स्टुडन्ट्स' सांगितलेलं, गेल्यावर मोजली तर १७ पोरं, काउन्सिलर मॅडमना विचारलं तर म्हणे ॲडमिशनचा सीझन आहे, होईल कमी. जूनची पोरं दिवाळीपर्यंत काही कमी झाली नाहीत.

पण फोनिक्स मात्र चांगलं शिकवतात, खोटं का बोला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सी-ए-टी कॅट असं पाठ करायचं नाही, अक्षराचं नाव बाजूला ठेवायचं आणि आवाज घ्यायचा, क्, ॲ, ट्, जोडा, कॅट. सुरुवातही ए बी सी या क्रमानं नाही, एस, ए, टी, आय, पी, एन ही अक्षरं आधी, कारण एवढ्या सहातच सिट, पिन, टॅप, नॅप असे भरपूर शब्द होतात आणि पोराला पहिल्या आठवड्यातच आपण वाचतोय असं वाटतं. आमच्या सासूबाई त्याला सोडायला जातात आणि तासभर बाहेर बाकावर बसतात, त्यांनी ऐकून ऐकून निकाल दिला, "अगं हे आपल्या बाराखडीसारखंच आहे की, क ला क म्हणायचं, यात नवीन काय?" अगदी बरोबर! मराठी वाचता येणाऱ्या पोराला ही आयडिया आधीपासून कळलेली असते, म्हणून तो भराभर पुढे गेला. अडतो कुठे, तर 'सेड', 'वॉज' असल्या शब्दांना, लिहिलंय एक आणि म्हणायचं भलतंच, ते पाठच करावे लागतात. आणि घरी प्रॅक्टिस घेताना एक सांभाळा, ट् चा 'टऽ' आणि ब् चा 'बऽ' करू नका, नाहीतर बॅटची 'बऽॲटऽ' होते आणि पोराला शब्द काही केल्या जुळत नाही. मी महिनाभर हेच चुकीचं करत होते.

आता एक स्टारवाला भाग. रोजच्या बॅचमध्ये मराठी बोललं की लाल टोकन, आठवड्यात ५ टोकन झाली की सगळ्यांसमोर उभं राहायचं. पोरानं यावर पुणेरी उपाय काढला, बोलायचंच नाही! ना मराठी ना इंग्लिश. दोन महिने टोकन शून्य म्हणून त्याला 'स्टार ऑफ द मंथ'चा बिल्ला मिळाला आणि मी वेडी तो फ्रिजवर लावून बसले. सासूबाईंनीच एकदा सांगितलं की आत सगळ्यांचे आवाज येतात, आपल्या बाळाचा येत नाही. अरे, पॅम्फ्लेटवर ज्यांचे 'वाघिणीचं दूध' हे शब्द छापलेत त्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० साली टिळकांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलं हे खरं, पण तो माणूस स्वतःला मराठी भाषेचा शिवाजी म्हणवून घ्यायचा. वाघिणीचं दूध पाजताना आईचं तोडा असं तर नव्हता म्हणत.

भांडण वगैरे नाही केलं, गोड बोलून शनिवारच्या बॅचला बदली मागितली. तिथल्या मिस वयानं मोठ्या, आधी मराठी शाळेतच शिकवायच्या, ११ पोरं. पहिल्याच दिवशी निघताना हा दारातून म्हणाला, "मिस, आय ॲम कमिंग!" आणि निघाला. मिस हसल्या नाहीत, त्यांनी मराठीत विचारलं, "तुला 'येतो मी' म्हणायचंय ना?" मग सगळ्यांना समजावलं की आपल्याकडे 'जातो' म्हणणं अशुभ म्हणून आपण 'येतो' म्हणतो, इंग्लिशमध्ये असं म्हटलं तर समोरचा तुझी वाट बघत बसेल, तिथं 'बाय, सी यू' म्हणायचं. घरी येऊन यानं ते आजीला शिकवलं, आजोबांना शिकवलं, दूधवाल्याला सुद्धा.

या मिसना मराठी पोराची चूक कुठून येते ते माहितीये, खरा फरक हाच. आपण क्रियापद शेवटी टाकतो, 'मी आंबा खातो', म्हणून पोरं 'आय मँगो ईट' म्हणतात, तर त्यांनी फरशीवर खडूनं तीन चौकोन काढले आणि पोरांना त्यात उभं करून उड्या मारायला लावल्या, खाणारा आधी, खाणं मधे, आंबा शेवटी. आपल्याकडे शेवटी 'का' लावला की प्रश्न तयार, तिकडे 'डू' नाहीतर 'डज' पुढे आणून बसवायचा. 'अ' आणि 'द' तर आपल्या भाषेत नाहीतच, ते हळूहळू येतील म्हणाल्या, त्यावरून आत्ता टोकू नका. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' याला अजून सारखेच ऐकू येतात, आपला व एकच ना, पण खरं सांगायचं तर मलाही सारखेच ऐकू येतात.

मराठी किती वापरतात? २ मिनिटं समजावण्यापुरतं, बाकी तासभर इंग्लिशच. पण ती २ मिनिटं आहेत म्हणून पोरगा तोंड उघडतो. परवा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकांना स्वतःहून 'विच फ्लोअर?' विचारलं. मिसनी आधीच बजावलं होतं की पाहुण्यांसमोर 'बोल बघू इंग्लिश' करायचं नाही, म्हणून मी शहाण्यासारखी गप्प बसले.

पैशांचं. किटचे १८०० वेगळे घेतले, त्यात रंगीत झेरॉक्स, एक पाऊच आणि क्लासच्या नावाची बॅग. नाही घेतलं तरी चालेल. अप्पा बळवंत चौकात तेवढ्यात पिशवीभर गोष्टीची पुस्तकं येतात, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर गोष्टी चक्क फुकट आहेत, एकच गोष्ट मराठीत आणि इंग्लिशमध्ये दोन्हीकडे सापडते. आम्ही रात्री आधी मराठी वाचतो, दुसऱ्या दिवशी तीच इंग्लिशमधून, अर्थ आधीच माहीत असल्यामुळे तो अडत नाही.

सर्टिफिकेटचं पण विचारून घ्या. आम्हाला सोनेरी बॉर्डरचं 'लेव्हल वन' मिळालं, बऱ्याच पालकांना वाटलं केंब्रिजचं आहे. नाहीये, क्लासचं स्वतःचं आहे. केंब्रिजच्या लहान मुलांच्या परीक्षा स्टार्टर्स, मूव्हर्स आणि फ्लायर्स, त्यात पास-नापास नसतं, ऐकणं, वाचन-लेखन आणि बोलणं या प्रत्येकाला ५ पर्यंत शील्ड मिळतात. ती परीक्षा द्यायचीच असेल तर तिची फी वेगळी पडते आणि सेंटर कुठलं ते क्लासला आधी विचारा. आम्ही नाही देणार एवढ्यात, अजून तिसरीतच आहे.

पुढच्या ६ महिन्यांचे पैसे भरलेत, पण पावतीवर 'शनिवार बॅच' आणि मिसचं नाव लिहून घेतलं, काउन्सिलर मॅडमनी तोंड वाकडं केलं पण लिहिलं. तुम्ही गेलात तर डेमोवर जाऊ नका, चालू बॅचमध्ये मागे १५ मिनिटं बसू द्या म्हणावं, नाही म्हणाले तर परत फिरा. आणि पार्किंग नाहीये, टू-व्हीलर समोरच्या गल्लीत लावावी लागते तर सम-विषम तारखांच्या पार्किंगचा पी-१ पी-२ बोर्ड आणि तारीख बघून लावा, माझी एकदा उचलून नेली आणि आम्ही तिघं, सासूबाईंसकट, रिक्षानं घरी आलो.