घरच्या फायलींचा बॅकअप: फ्रीफाइलसिंक आणि सिंकथिंग वापरून पाहिल्यावर

बडोद्यात राहणाऱ्या माणसाला बॅकअपबद्दल सांगायचं तर सुरुवात विश्वामित्रीपासून करावी लागते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदी ३५ फुटांच्याही वर गेली होती, आणि धोक्याची पातळी आहे २५ फूट. ओळखीतल्या एका घरी तळमजल्यावरचा कॉम्प्युटर पाण्याखाली गेला. त्याच टेबलाच्या खणात ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्कही गेली. त्यांनी बॅकअप अगदी नेमाने घेतला होता, तरी हाती काही उरलं नाही. त्यामुळे आमच्या घरासाठी सॉफ्टवेअर शोधायला बसलो तेव्हा एक अट पक्की होती: एक प्रत घराबाहेर, शक्य तर गावाबाहेर.

आमच्या फायली म्हणजे आजोबांच्या मोडी कागदांचे स्कॅन, बाबांच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग्ज, उत्तरायणाचे आणि गणपतीचे वर्षानुवर्षांचे फोटो, बायकोच्या शिकवणीच्या नोट्स आणि घरचा हिशेब. सगळं मिळून तीनशे जीबीच्या आसपास. गूगलची फुकट जागा १५ जीबी, त्यातच जीमेल आणि फोटोही येतात. वनड्राइव्हची ५ जीबी. जास्त जागा भाड्याने घेता येते, पण मोडी कागद पुढच्या पिढीपर्यंत पोचायचे असतील तर ते दर महिन्याच्या हप्त्यावर टांगून ठेवायचे नव्हते. शिवाय उद्या मी घरी नसताना बाबांनाही डिस्क लावून फाइल उघडता आली पाहिजे. म्हणजे प्रत साध्या फाइलच्याच रूपात हवी. स्वतःच्या खास साच्यात गाठोडं बांधून ठेवणारे प्रोग्रॅम तिथेच बाद झाले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण दुकानदारापासून नातेवाइकांपर्यंत सगळे ती मिसळून बोलतात. सिंक म्हणजे दोन ठिकाणं सारखी ठेवणं. इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते, इकडे फाइल बिघडली की तिकडेही बिघडलेलीच पोचते. सिंक आपलं काम चोख करतं आणि त्यातच फाइल जाते. बॅकअपमध्ये कालची, मागच्या महिन्याची प्रत परत मिळाली पाहिजे. कुठलंही सिंक सॉफ्टवेअर निवडताना मी आधी एकच पाहतो: पुसलेली आणि बदललेली फाइल हे कुठे ठेवतं, आणि किती दिवस?

घरातल्या डिस्कसाठी फ्रीफाइलसिंक घेतलं. घरगुती वापरासाठी ते फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. डावीकडे कॉम्प्युटरचा फोल्डर, उजवीकडे डिस्कचा. 'कंपेअर' दाबलं की दोन्हीकडचे फरक समोर येतात आणि मधल्या पट्टीत प्रत्येक फाइलपुढे खूण दिसते: ही नवी जाणार, ही बदलणार, ही पुसली जाणार. किती फायली जाणार, किती पुसल्या जाणार, एकूण किती जीबी, हे आकडेही तिथेच असतात. तोवर काहीही हललेलं नसतं. 'सिंक्रोनाइझ' दाबल्यावरच काम सुरू होतं. हे आधी दाखवणं मला या सॉफ्टवेअरमधलं सर्वांत मोलाचं वाटतं. एका रविवारी पुसण्याचा आकडा एकदम फुगलेला दिसला. यादी खाली सरकवली तर सगळी भजनं. बाबांनी ऐकायला सोपं जावं म्हणून तो फोल्डर डेस्कटॉपवर ओढून ठेवला होता आणि डेस्कटॉप बॅकअपच्या यादीत नव्हता. मी तो जागेवर ठेवला, पुन्हा कंपेअर केलं आणि आकडा शून्यावर आला.

सेटिंगमध्ये मुख्य तीन तयार पर्याय येतात: दोन्हीकडचे बदल एकमेकांकडे नेणारा, मिरर (डिस्क हुबेहूब कॉम्प्युटरसारखी करणारा) आणि अपडेट (फक्त नवं आणि बदललेलं डिस्कवर नेणारा). बॅकअपसाठी मिरर घ्यावा, पण पुसलेल्या फायलींसाठी 'व्हर्जनिंग' चालू करूनच. मग डिस्कवरून पुसली किंवा बदलली जाणारी जुनी फाइल नष्ट होत नाही. तारीख-वेळ जोडून ती आपण सांगितलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये जाते. हिशेबाची एक्सेल फाइल महिनाभर मागे जाऊन पाहायची वेळ आली, तेव्हा ती तिथून दोन क्लिकमध्ये मिळाली.

आणखी एक सोय फारशी कोणी सांगत नाही. यूएसबी डिस्कचं अक्षर दरवेळी बदलू शकतं, आज ई, उद्या एफ. फ्रीफाइलसिंकमध्ये अक्षराऐवजी डिस्कचं नाव चौकटी कंसात लिहिता येतं. आमच्या डिस्कचं नाव 'गंगाजळी' ठेवलंय आणि ती कुठल्याही पोर्टला लावली तरी सापडते. डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या मांडणीत फॉरमॅट करून घ्या. एफएटी३२ या जुन्या मांडणीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि लग्नाची जुनी कॅसेट डिजिटल करून आणली की ती सहज त्याच्या वर जाते.

काम झालं की डिस्क काढून कपाटात. ती कायम लावून ठेवायची नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तेव्हा जगभर दिसलं की असले व्हायरस फायली कुलूपबंद करून पैसे मागतात. कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही त्यांच्या हाती लागतात. जोडलेलीच नसेल तर ती वाचते.

मग घराबाहेरची प्रत. ती इंदूरला ताईकडे आहे. तिच्या जुन्या पण चालू कॉम्प्युटरला एक मोठी डिस्क जोडली आणि दोन्हीकडे सिंकथिंग टाकलं. तेही फुकट आणि मुक्त स्रोताचं. मधे कुणाचा क्लाउड नाही. फायली थेट एका घरातून दुसऱ्या घरात जातात आणि वाटेत कूटबद्ध असतात. थेट जोडणी झाली नाही तर मधल्या रिले सर्व्हरवरून जातात, पण तिथेही कुणाला वाचता येत नाहीत. प्रत्येक कॉम्प्युटरला एक लांबलचक ओळख-क्रमांक मिळतो. दोघांनी एकमेकांचा क्रमांक मान्य केला की जोडणी होते.

तीनशे जीबी इंटरनेटवरून पाठवत बसलो नाही. दिवाळीला डिस्क भरूनच इंदूरला नेली. सिंकथिंगने दोन्हीकडच्या फायली तपासल्या, सारख्या आहेत हे ओळखलं आणि फक्त मधल्या काळातला फरक पाठवला. आता रोजचं पाठवणं इतकं थोडं असतं की ताईच्या नेटवर ताण पडत नाही.

सेटिंगमधली एक गोष्ट मात्र नीट वाचावी लागते. सिंकथिंगची व्हर्जनिंग दुसऱ्या कॉम्प्युटरकडून आलेल्या बदलांनाच लागू होते. म्हणजे इथे बडोद्यात मी फाइल पुसली तर तिची जुनी प्रत इथे ठेवली जात नाही. ती ताईच्या कॉम्प्युटरवर ठेवली जाते, आणि तेही तिकडे व्हर्जनिंग चालू असेल तरच. म्हणून ते तिच्या बाजूला चालू केलं. तिच्याकडचा फोल्डर 'रिसीव्ह ओन्ली' ठेवला, म्हणजे तिकडे चुकून काही बदललं तरी ते इकडे येत नाही.

देवनागरी नावांची खात्री मला आधी करून घ्यायची होती. दोन्ही सॉफ्टवेअर मराठी नावं व्यवस्थित हाताळतात. अडचण आली ती भाच्याच्या लिनक्स लॅपटॉपवर. तिथे फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे पंच्याऐंशीच्या आसपास चिन्हांत नाव संपलं पाहिजे. विंडोजवर ही मर्यादा २५५ अक्षरचिन्हांची, त्यामुळे तिथे काही जाणवत नाही. मोडी स्कॅनची नावं 'आजोबांचे पत्र, कोणास, कुठून, कोणत्या साली, कशाबद्दल' अशी ऐसपैस होती. ती आखडती घेतली आणि सविस्तर माहिती शेजारच्या एक्सेल फाइलमध्ये लिहिली. ज्यांच्या घरी विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहे त्यांनी नावं आधीच आटोपशीर ठेवावीत.

सिंकथिंगला दोन्ही कॉम्प्युटर एकाच वेळी चालू लागतात. ताई संध्याकाळी तिचा कॉम्प्युटर लावते, तेव्हाच फायली जातात. ज्यांच्याकडे असं रोज कॉम्प्युटर लावणारं कोणी नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये. दुसरी डिस्क भावाकडे ठेवून दोन-तीन महिन्यांनी अदलाबदल करणं त्यांना जास्त झेपेल. एकाच फाइलवर दोघांनी एका वेळी काम केलं तर सिंकथिंग एक प्रत 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' नावाने बाजूला ठेवतं. त्यात काही हरवत नाही, पण दोन्ही उघडून जुळवायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

बाकीचे पर्याय थोडक्यात. विंडोजची फाइल हिस्ट्री तयारच असते आणि एरवी दर तासाला प्रत घेते. फक्त डॉक्युमेंट्स आणि फोटोंपुरतं हवं असेल तर ती पुरते. रोबोकॉपी, म्हणजे आज्ञा टाइप करून फायली कॉपी करायची सोय, हीही विंडोजमध्येच आहे आणि वेगवान आहे, पण मिरर आज्ञा दिली की तिकडचं जास्तीचं न विचारता पुसते. घरात चार माणसं कॉम्प्युटर हाताळत असतील तर मी ती सुचवणार नाही.

बॅकअप परत आणून पाहिल्याशिवाय तो आहे असं मी धरत नाही. अधूनमधून डिस्क शेजारच्या काकांच्या लॅपटॉपला लावतो, त्यावर यातलं एकही सॉफ्टवेअर नाही. मग कुठलंही एक भजन, एक मोडी पान आणि एक हिशेबाची फाइल उघडून पाहतो. मागच्या वेळी हे बाबांना करायला सांगितलं. त्यांनी स्वतः फोल्डर शोधला, आणि काका-बाबा दोघं रात्री उशिरापर्यंत भजनं ऐकत बसले.