हँडब्रेक : डबा बदलायचा की आतला ऐवज?

डाउनलोड केलेला व्हिडिओ संगणकावर व्यवस्थित दिसतो, पण तोच पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला जोडला की कधी फाइलचे नावच यादीत येत नाही, कधी चित्र दिसते पण आवाज येत नाही, तर कधी आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो. या तीन तक्रारी वरवर सारख्या वाटल्या तरी त्यांची कारणे वेगळी असतात आणि म्हणून उपायही वेगळे असतात. व्हिडिओचे स्वरूप बदलून देणाऱ्या हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरचे परीक्षण करताना हा भेद आरंभीच सांगितला पाहिजे, कारण या सॉफ्टवेअरची जी स्तुती आणि जी निंदा कानावर येते, ती दोन्ही बहुतेक वेळा हा भेद न ओळखता केलेली असते.

फाइलच्या नावाच्या शेवटी असलेला एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय किंवा वेबएम हा प्रत्यय आपल्याला फक्त डबा (कंटेनर) कोणता आहे ते सांगतो. त्या डब्यात चित्राचा एक प्रवाह, आवाजाचे एक किंवा अनेक ट्रॅक आणि असल्यास सबटायटल असतात, आणि त्यांतील प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या कोडेकने, म्हणजे चित्र-आवाज आवळण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीने, आवळून भरलेली असते. चित्रासाठी २००३ साली आलेला एच.२६४ आजही सर्वाधिक ठिकाणी चालतो. २०१३ मधील एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५, त्याच सुमाराचा व्हीपी९ आणि २०१८ मधील एव्ही१ हे कमी जागेत तेवढेच चांगले चित्र देतात, पण जुन्या उपकरणांना ते उलगडता येत नाहीत. आवाजाच्या बाबतीत एएसी आणि एमपी३ जवळजवळ सर्वत्र चालतात, तर डीटीएस आणि ओपस अनेक टीव्हींवर मुके राहतात. म्हणजे फाइल यादीतच दिसत नसेल तर पहिला संशय डब्यावर घ्यावा, पडदा काळा असेल तर चित्राच्या कोडेकवर आणि आवाज नसेल तर आवाजाच्या कोडेकवर. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त परवान्याच्या चित्र-व्हिडिओंच्या संग्रहावरून उतरवलेले व्हिडिओ जुन्या टीव्हीवर हमखास अडतात ते याच कारणाने: तेथे पेटंटमुक्त स्वरूपांचा आग्रह आहे, २०१४ मध्ये एमपी४ स्वीकारण्याचा प्रस्ताव तेथील स्वयंसेवकांनी फेटाळला, आणि परिणामी आपल्या हाती वेबएम किंवा ऑग फाइल येते.

हँडब्रेकचा आरंभ २००३ मध्ये एरिक पेती यांनी बीओएस या आता विस्मृतीत गेलेल्या संगणक प्रणालीसाठी केला. आज ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, त्याचा स्रोत सर्वांसाठी खुला आहे, आणि त्यात जाहिरात नाही, व्हिडिओवर उमटणारा शिक्का नाही, फाइलच्या आकाराची मर्यादाही नाही. त्याची १.० ही आवृत्ती येण्यास २०१६ चा डिसेंबर उजाडावा लागला; तेरा वर्षे शून्यावर काढणारे सॉफ्टवेअर विरळाच, पण या सावकाशीचा गुण त्याच्या स्थैर्यात दिसतो.

वापरण्याची रीत साधी आहे. फाइल खिडकीत ओढून टाकावी, सॉफ्टवेअर ती तपासून आतील ट्रॅक दाखवते, तयार प्रीसेटांपैकी (आधीच जुळवून ठेवलेल्या मांडण्यांपैकी) एक निवडावा आणि सुरू करण्याचे बटण दाबावे. आरंभी निवडलेला ‘फास्ट १०८०पी३०’ हा प्रीसेट एमपी४ डबा, एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज अशी फाइल तयार करतो, आणि गेल्या कित्येक वर्षांतील जवळजवळ कोणताही टीव्ही, फोन किंवा टॅबलेट ती निमूटपणे चालवतो. एखादी फाइल एच.२६४ असूनही टीव्हीवर चालत नाही असे दिसले तर ती १० बिटची, म्हणजे रंगांच्या अधिक बारीक छटा साठवणारी, आहे का ते पाहावे. या प्रकारचे एच.२६४ टीव्हीतील चिपला सहसा झेपत नाही, आणि हँडब्रेकमधून काढलेली नेहमीची ८ बिट प्रत मात्र तेथे सुरळीत चालते. अनेक फाइली रांगेत लावून रात्रभर काम चालू ठेवण्याची सोयही आहे, आणि माझ्या मते हीच त्यातली सर्वात उपयोगी सोय आहे, कारण सामान्य संगणकावर हे काम वेळ खाणारे असते आणि त्याच्याकडे पाहत बसण्यात काही अर्थ नसतो.

खरा विचार करावा लागतो तो आरएफ या आकड्याचा. चित्राची गुणवत्ता ठरवणारी ही एक पट्टी आहे आणि ती उलटी चालते: आकडा जितका लहान तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. १०८०पी चित्रासाठी २० ते २४ आणि कमी रेझोल्यूशनच्या जुन्या चित्रासाठी १८ ते २२ अशी शिफारस हँडब्रेकच्याच मार्गदर्शिकेत आहे. नवख्या माणसाला मोह होतो तो पट्टी अगदी चांगल्या बाजूला, १२ किंवा १४ पर्यंत, ओढण्याचा. याचा परिणाम असा होतो की मूळ फाइलपेक्षा नवी फाइल कितीतरी मोठी होते आणि चित्र तसूभरही सुधारत नाही, कारण मूळ फाइलीत जे उरलेलेच नाही ते कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. डाउनलोड केलेला व्हिडिओ हा एकदा आवळलेलाच असतो. त्याला पुन्हा आवळणे म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढण्यासारखे आहे. पहिली प्रत स्वच्छ असेल तर दुसरीत फरक जाणवत नाही, पण पहिलीच फिकट असेल तर दुसऱ्या प्रतीत अंधाऱ्या दृश्यांत चौकटी दिसू लागतात आणि आकाशासारख्या सपाट भागांवर पट्टे उमटतात. यावर उपाय म्हणून हँडब्रेकमध्येच काही सेकंदांचा नमुना तयार करून पाहता येतो; तीन तासांची फाइल रांगेत लावण्यापूर्वी तिच्यातील सर्वात अंधारे किंवा सर्वात धावपळीचे दृश्य निवडून हा नमुना पाहावा, बोलणाऱ्या माणसाचा स्थिर चेहरा पाहून काहीही कळत नाही.

आता या सॉफ्टवेअरची मुख्य मर्यादा, जिच्यामुळे मी त्याला पूर्ण गुण देऊ शकत नाही. हँडब्रेकला चित्राचा प्रवाह आहे तसा उचलून दुसऱ्या डब्यात ठेवता येत नाही. आवाजाचा ट्रॅक जसाच्या तसा पुढे पाठवण्याचा पर्याय त्यात आहे, पण चित्र प्रत्येक वेळी नव्याने एन्कोड केले जाते, म्हणजे उलगडून पुन्हा आवळले जाते. एमकेव्ही डब्यात एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असेल आणि टीव्हीला केवळ एमकेव्ही डबा चालत नसेल, तर आतला ऐवज एमपी४ डब्यात हलवणे हे काही सेकंदांचे काम आहे आणि त्यात गुणवत्तेची काडीचीही हानी होत नाही. तेच काम हँडब्रेककडे सोपवले तर बराच वेळ जातो, संगणकाचा पंखा घोंघावत राहतो आणि शेवटी मूळपेक्षा किंचित उणे चित्र हाती येते. ही चूक म्हणता येणार नाही, कारण एन्कोड करणे हाच या सॉफ्टवेअरचा धर्म आहे. पण तयार प्रीसेट आणि एका बटणाचा जो सोपेपणा ते देते, त्याने वापरणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही, हे मला खटकते. स्रोत तपासून झाल्यावर ‘ही फाइल बहुधा नुसता डबा बदलून चालेल’ एवढी एक ओळ दाखवली असती तरी कितीतरी लोकांचे कितीतरी तास वाचले असते.

नुसता डबा बदलण्यासाठी एफएफएमपेग हे साधन आहे. २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला हा प्रकल्प पडद्याआडून असंख्य व्हिडिओ सॉफ्टवेअरांना आधार देतो आणि हँडब्रेकही त्याच्या कोडेक संग्रहाचा उपयोग करते. त्यात बटणे नाहीत, आज्ञा टाइप करावी लागते, आणि हीच गोष्ट अनेकांना दूर ठेवते. तरी आतला ऐवज न बदलता उचलणारा ‘कॉपी’ हा एकच पर्याय शिकून घेतला तर निम्म्याहून अधिक कामे त्यातच उरकतात. आत काय आहे ते पाहण्यासाठी व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमधील कोडेकची माहिती दाखवणारी खिडकी किंवा मीडियाइन्फो हे छोटे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ओघात हेही नोंदवते की व्हिडिओ केवळ संगणकावरच पाहायचा असेल तर व्हीएलसी जवळजवळ सर्व काही चालवते आणि रूपांतराचा खटाटोप करण्याचे कारणच उरत नाही.

हँडब्रेकच्या प्रीसेटांविषयी आणखी थोडी सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. ‘फास्ट १०८०पी३०’ या नावातील आकडे शोभेचे नाहीत. सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ त्यातून जास्तीत जास्त ३० फ्रेमचा होऊन निघतो आणि ४के चित्र १०८०पी पर्यंत लहान केले जाते. खेळाचे चित्रण असेल तर हालचालीतील ही तूट लगेच डोळ्यांना जाणवते, आणि अशा वेळी फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) मूळ स्रोताप्रमाणे ठेवण्याचा पर्याय आपण होऊन निवडावा लागतो. याउलट पडद्याचे चित्रण करून बनवलेल्या व्याख्यानांत फ्रेमरेट बदलता असतो, त्यामुळे काही साध्या प्लेअरांवर आवाज हळूहळू ओठांच्या पुढे किंवा मागे सरकतो. तेथे स्थिर फ्रेमरेट निवडलेला बरा. दोन भाषांचे ट्रॅक असलेल्या फाइलीतून नेहमीच्या प्रीसेटने एकच ट्रॅक पुढे जातो, दुसरा हवा असल्यास आवाजाच्या विभागात जाऊन तो जोडावा लागतो. ब्लू-रेवरील सबटायटल चित्ररूप असतात आणि एमपी४ मध्ये ते फक्त चित्रावर कायमचे छापून घेता येतात. नंतर बंद करता येत नाहीत. काही वेळा तयार फाइलीला एमपी४ ऐवजी एम४व्ही असा प्रत्यय लागतो आणि टीव्ही तो ओळखत नाही, पण नाव बदलून एमपी४ केले की काम भागते.

ग्राफिक्स कार्डातील एन्कोडर वापरला तर वेग पुष्कळ वाढतो, मात्र तेवढ्याच गुणवत्तेसाठी फाइल मोठी होते. घाई असेल तर हा सौदा चालण्यासारखा आहे.

ब्राउझरमधूनच रूपांतर करून देणाऱ्या संकेतस्थळांशी तुलना अटळ आहे. त्यांपैकी एकावर मी अर्धा तास एक फाइल चढवत बसले होते आणि ती चढून झाल्यावर, मोफत मर्यादा ओलांडली गेल्याची सूचना मला वाचायला मिळाली. खासगी चित्रण अनोळखी सर्व्हरवर पाठवण्याचा प्रश्न त्याहून मोठा आहे. हँडब्रेकमध्ये फाइल आपल्या संगणकाबाहेर जातच नाही. तरीही ते सॉफ्टवेअर कोठून घ्यायचे याबाबत दक्ष राहावे. २०१७ च्या मे महिन्यात, २ ते ६ तारखेदरम्यान, मॅकसाठीची प्रत देणाऱ्या एका मिरर (पर्यायी) सर्व्हरवर घुसखोरी होऊन मूळ फाइलीच्या जागी प्रोटॉन नावाचा ट्रोजन, म्हणजे उपयुक्त सॉफ्टवेअरच्या वेषातील घातक प्रोग्राम, ठेवला गेला होता. प्रकल्पाने स्वतःच तो प्रकार जाहीर केला आणि फाइलची चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) पडताळून पाहण्यास सांगितले. ती पडताळणी आजही दोन मिनिटांचे काम आहे. अधिकृत संकेतस्थळ एकच, हँडब्रेक डॉट एफआर. मिळत्याजुळत्या नावांची इतर पाने टाळावीत.

स्ट्रीमिंग सेवांच्या अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ करून ठेवलेले चित्रपट हँडब्रेकने उघडत नाहीत, कारण त्या फाइली कुलूपबंद असतात आणि हे सॉफ्टवेअर कुलूप उघडत नाही. स्वतःचे चित्रण, मुक्त परवान्याची व्याख्याने, स्वामित्वहक्काची मुदत संपलेले जुने चित्रपट यांसाठी ते आहे.

या परीक्षणाच्या निमित्ताने मी माझ्याकडील व्याख्यानांचा एक जुना फोल्डर बाहेर काढला. त्यात ४२ फाइली होत्या आणि पूर्वी त्या सर्वच्या सर्व मी डोळे मिटून हँडब्रेकच्या रांगेत लावल्या असत्या. मीडियाइन्फोमधून पाहिल्यावर २७ फाइलींत एच.२६४ आणि एएसी असल्याचे दिसले. त्यांचा केवळ डबा बदलला आणि चहा होण्याच्या आत ते काम संपले. पाच फाइलींत चित्र ठीक होते पण आवाज डीटीएसमध्ये होता. तेथे एफएफएमपेगने चित्र तसेच ठेवून फक्त आवाज एएसीमध्ये उतरवला. उरलेल्या दहा व्हीपी९ आणि एव्ही१ मधील होत्या. त्या हँडब्रेकला दिल्या, आरएफ २१ ठेवला, फ्रेमरेट स्थिर केला आणि रात्री रांग सुरू करून संगणकाचा पडदा बंद केला. सकाळी दहाही फाइली तयार होत्या आणि टीव्हीवर चालल्या. त्यांतील एक मात्र पेनड्राइव्हवर जाईना, कारण ती ४ जीबीच्या वर गेली होती आणि पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा होता, ज्यात त्याहून मोठी फाइल बसतच नाही. आरएफ २३ करून ती एकटी पुन्हा रांगेत लावली.