कासवाला प्रथिनं कशातून द्यावीत: मासळी, जवळा, गोळ्या की गांडुळं?

कोकणात कासव पाळलं की येणारा-जाणारा एकच सांगतो: तुम्हाला काय चिंता, बंदर दाराशी आहे, टाका रोज दोन मांदेल्या. सल्ला वाईट नाही. पण मांदेली टाकल्यावर टाकीचं काय होतं आणि मे महिन्यात ती टाकी भरायला पाणी कुठून आणायचं, हे सांगणाऱ्याला बघावं लागत नाही. आपल्याकडे कासवाचा खुराक ठरवताना पाण्याचा विचार आधी करावा, असं माझं मत आहे. प्रथिनांची टक्केवारी त्यानंतर.

हे सगळं रेड-इअर्ड स्लायडरबद्दल आहे, म्हणजे डोळ्यामागे लाल पट्टा असलेल्या पाण्यातल्या कासवाबद्दल. जमिनीवरच्या तारा कासवाला प्राणिज प्रथिनं लागतच नाहीत, उलट बाधतात. आणि मुळात ते पाळणं हा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ओहोळात, भातशेतीत सापडणारी आपली देशी कासवंही तशीच संरक्षित आहेत. तसं एखादं कुणी घरी आणून ठेवलं असेल, तर खाऊ काय घालू हे विचारण्याआधी वनविभागाला कळवायला हवं.

स्लायडरचं एक बरं असतं, वयाबरोबर त्याची भूक बदलते. पिल्लू जवळजवळ मांसाहारी असतं, मोठं होईल तसं ते पाल्याकडे वळतं. त्यामुळे पिल्लाला रोज थोडं प्राणिज खाद्य आणि मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा, एवढ्यावर भागतं. एका वेळी किती? कासवाच्या डोक्याएवढं. ते अजून मागतंच, काचेवर पाय मारत राहतं, पण त्याला भुलू नये. तुमचं पिल्लू असेल की दहा वर्षांचं कासव, यावर पुढचा बराचसा निर्णय अवलंबून आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

मासळीची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. ताजी आहे, स्वस्त आहे, कोळणीकडे वाट्याच्या तळाशी उरलेल्या बारीक मासळीला पैसेही फारसे पडत नाहीत. मांदेली काट्यासकट दिली तर काट्यातला कॅल्शियम कासवाला मिळतो. चिकनचा किंवा मटणाचा तुकडा यासाठीच मी यादीतून काढून टाकलाय. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. असं खाद्य दिवसेंदिवस चाललं की कवच मऊ पडतं.

मासळीला दोन अडचणी आहेत. हेरिंग आणि अँचोव्हीच्या गटातल्या काही माशांत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब-1 जीवनसत्त्व मोडतं. आपली तारली आणि मांदेली याच गटातल्या. फ्रीझरमध्ये ठेवून ते जात नाही, उकळल्यावर जातं. म्हणून अधूनमधून कच्ची मांदेली चालते, पण रोजचं जेवण तेच असेल तर कासव अशक्त होऊ शकतं. खारवलेली मासळी, म्हणजे खारा बांगडा वगैरे, चुकूनही नको. दुसरी अडचण मासेमारीच्या बंदीची. 1 जूनपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक नौका किनाऱ्याला असतात, तेव्हा बाजारात येते ती बर्फातली मासळी किंवा चढणीचे मासे, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणारे. चढणीचे मासे घरातल्या माणसांनाच पुरत नाहीत.

जवळ्याचं तसं नाही. सुका जवळा वर्षभर डब्यात असतो, कासव त्याच्यावर तुटून पडतं आणि सबंध प्राणी पोटात जात असल्यामुळे कवचासकटचा थोडा कॅल्शियमही मिळतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात काचेच्या बरणीत जे लालसर सुके झिंगे मिळतात, त्यापेक्षा आपला जवळा मला केव्हाही बरा वाटतो. निदान तो कधी वाळवलाय हे तरी विचारता येतं. पण निवडून, पाखडून आणि पाण्यात चांगला भिजवून, ते पाणी फेकूनच द्यावा. त्यात वाळू असते आणि समुद्राचं मीठही. केवळ जवळ्यावर ठेवलेल्या कासवाचे डोळे सुजतात, ते अ जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे. जवळ्यामुळे कासव पाला खायचंही सोडतं, आणि ही सवय मोडायला फार चिकाटी लागते.

आता माझा निर्णय ज्यावर झाला ते सांगतो.

स्लायडरला दात नसतात. मोठा घास तोंडात धरून ते पुढच्या पायांच्या नखांनी ओरबाडतं, आणि गिळण्यासाठी त्याला पाण्यातच जावं लागतं, कोरड्यावर गिळता येत नाही. म्हणजे मांदेली असो की कोळंबीचा तुकडा, तिची फाडाफाड पाण्यातच होणार. निम्मी पोटात जाते, उरलेली दोऱ्यांसारखी टाकीभर तरंगते. तारलीचा तर तेलाचा तवंगही धरतो, आणि दुसऱ्या दिवशी पडवीत शिरल्याबरोबर वास येतो. जवळ्याला वास कमी, पण त्याच्या मिशा आणि पाय सुटतात आणि फिल्टरच्या स्पंजात असे गुंततात की नळाखाली कितीही पिळा, निघत नाहीत. स्पंज खसाखसा धुवावा तर त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू धुऊन जातात. न धुवावा तर पाण्याचा प्रवाह मंदावतो. पावसात वीज गेली की फिल्टर बंद, टाकीत कालची मासळी आणि वर दमट हवा. तेव्हा पाणी बदलण्यावाचून उपाय नसतो.

पावसाळ्यात पाणी बदलायला हरकत नसते, पन्हळीखाली बादली लावली की झालं. प्रश्न एप्रिल-मेचा आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पण जांभा दगड तो धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागतो, आगराचं शिंपणं आळीपाळीने होतं आणि खालच्या घरांत टँकर येतो. अशा दिवसांत कासवाची टाकी आठवड्यातून दोनदा उपसायची म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यावर येतं, आणि ते रास्तच आहे. टाकीतलं घाण पाणी माडाला घातलं तरी नवं पाणी भरायचंच असतं. वेगळ्या टबात खायला घालणं हा सगळे सुचवतात तो तोडगा बरा आहे, मी तोही करतो. पण त्यालाही टबभर पाणी लागतंच, आणि बुजरं कासव उचलून ठेवलं की दोन घासांत खाणं सोडून देतं.

तेव्हापासून मी प्रत्येक खाद्याकडे एकाच नजरेने बघतो: याचं पाण्यात काय उरतं?

या कसोटीवर डबाबंद गोळ्या चांगल्या उतरतात. तरंगतात, कासव अख्खी गोळी उचलतं, उरलेल्या जाळीने काढता येतात. अ, ड-3 आणि कॅल्शियम त्यात मोजून घातलेलं असतं, त्यामुळे पिल्लाच्या बाबतीत मी गोळ्यांना आधार मानतो. शहरात राहणाऱ्याला किंवा ज्याच्या घराला अंगणच नाही त्याला तर मी सरळ गोळ्याच सुचवीन. मात्र आपल्या हवेत त्यांचं आयुष्य कमी असतं. जून लागला की मीठ पाघळतं, पापड मऊ पडतात, तशीच उघडलेली बरणीही ओल धरते. मोठं कासव खातं थोडं, बरणी पुरते महिनोन्महिने, आणि तळाच्या गोळ्यांना पांढुरकी बुरशी दिसायला लागते. बुरशीची गोळी देऊ नये, धुऊन किंवा उन्हात टाकूनही नाही. लहान पाकिटं घ्यावीत म्हणावं, तर आमच्या तालुक्याच्या ठिकाणी मिळतात त्यांत बहुधा गोळ्या नसतात, तेच सुके झिंगे असतात. मोठी बरणी आणलीच तर महिन्यापुरती बाहेर ठेवून बाकीची हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवावी.

आणि गांडुळं. माझा कल इकडे आहे.

गांडूळ कासव फाडत नाही. टोकाशी धरतं आणि दोन-तीन झटक्यांत सबंध गिळतं. पाण्यात काही उरत नाही, तवंग नाही, मिशा नाहीत. न खाल्लेलं गांडूळ तळाशी बराच वेळ जिवंत वळवळत राहतं, ते उचलून परत मातीत सोडता येतं. शिवाय जिवंत भक्ष्य पाहून सुस्तावलेलं कासवही हलतं. गांडुळं द्यायला लागल्यापासून आमच्या टाकीचं पाणी निम्म्याहून कमी वेळा बदलावं लागतं. हा माझा अंदाज आहे. टाकी केवढी आणि कासवं किती यावर फरक पडेलच.

उन्हाळ्यात गांडुळं मिळतात का, हा रास्त प्रश्न आहे. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, नाही मिळत, जमीन दगडासारखी होते. पण शिंपण्याच्या आगरात, माडा-पोफळीच्या आळ्यात पालापाचोळ्याखाली ती बारा महिने असतात. न्हाणीच्या पाण्यावरच्या केळीखालीही असतात, पण तिथे साबण मुरलेला असतो, ती मी घेत नाही. हापूसच्या बागेतली तर अजिबात नको. मोहर आल्यापासून फवारण्या चालू असतात, ते औषध जमिनीत उतरतं. काजूच्या बागेचंही तेच. आणलेली गांडुळं एक-दोन दिवस ओल्या काथ्याच्या भुशात ठेवली की पोटातली माती टाकतात.

गांडूळखताच्या वाफ्यातली लालसर गांडुळं, आयसेनिया फेटिडा, ही सोय वाटते खरी. पण त्यांच्या अंगातून उग्र वासाचा पिवळसर रस सुटतो आणि पुष्कळ कासवं ती तोंडात घेऊन थुंकतात. आमचं थुंकतं. कुणाचं खात असेल तर वाफा घरात असणं ही चैनच आहे.

पावसाळ्यात मुलांना गांडुळं गोळा करायला पाठवत असाल तर दोन जीव ओळखायला शिकवा. एक वाळा: बारीक, काळपट, चकचकीत, खवल्यांचा आणि भराभर सरकणारा. तो साप आहे, बिनविषारी आहे, त्याला जाऊ द्यावा. दुसरं देवगांडूळ, जाडजूड आणि बुळबुळीत. त्याच्याही अंगावर वळ्या असतात म्हणून फसायला होतं, पण तोंड नीट पाहिलं तर जबडा दिसतो. ते बेडकाच्या वर्गातलं उभयचर आहे आणि सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या त्याच्या काही जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. गांडुळाला जबडा नसतो आणि मोठ्या गांडुळाच्या अंगावर फिकट पट्टा असतो. शंका आली तर सोडून द्यावं, एक घास कमी पडल्याने काही बिघडत नाही.

गांडुळाची उणीवही सांगायला हवी. त्याच्यातला कॅल्शियम मातीवर अवलंबून असतो आणि आपली जांभी माती आम्लधर्मी, चुन्याला कमी. त्यामुळे नुसत्या गांडुळांवर कासव ठेवू नये. यावर इलाज किनाऱ्यावरच पडलेला असतो: समुद्रफेन. भरतीनंतर वाळूत पांढरी, होडीच्या आकाराची, हलकी हाडं मिळतात, ती माकळीच्या जातीतल्या प्राण्याची. काही दिवस गोड्या पाण्यात पाणी बदलत भिजवून मीठ घालवावं, कडक पापुद्रा काढावा आणि मऊ भाग टाकीत तरंगत सोडावा. कासव हवं तेव्हा कुरतडतं, चोचही झिजून ताळ्यावर राहते. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन नसतं तेव्हा यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा, लावावा, नाहीतर खाल्लेला कॅल्शियम अंगी लागत नाही.

शंखी गोगलगाईंबद्दल विचाराल म्हणून लिहितो: बागेत त्या इतक्या माजल्यात की कासवाला घालाव्यात असं वाटणं साहजिक आहे, पण त्यांच्यासाठी शेजारच्या बागेत कुणी विषाच्या गोळ्या टाकल्यात का हे कळायला मार्ग नसतो. मी देत नाही. उकडलेलं अंडं पाणी सगळ्यांत जास्त खराब करतं, त्याचा विचारच सोडा.

तर पिल्लू असेल तर गोळ्या मुख्य आणि जोडीला लहान गांडुळं, हे मला सुरक्षित वाटतं. मोठं कासव असेल आणि घराला ओलं आगर असेल तर प्राणिज भाग गांडुळांवर टाकावा, गोळ्या आठवड्यातून एकदा. मासळी घरात येईल तेव्हा एखादी मांदेली, तीही पाणी बदलायच्या आदल्या दिवशी. बाकीचं पोट जास्वंदीच्या पानाफुलांनी आणि शेवग्याच्या पाल्याने भरावं. अळू नको, त्यात कॅल्शियम अडवणारं ऑक्झलेट असतं.

यातलं काहीच जमत नाही असं वाटू लागलं, पाणीच पुरत नाही म्हणून, तरी कासव विहिरीत किंवा गावच्या तळ्यात सोडू नका. स्लायडर मुळात अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं, जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. तळ्यात ते मजेत जगतं, आणि आपल्या देशी कासवांची जागा आणि खाणं बळकावतं. तीस वर्षं सांभाळायची तयारी असलेला दुसरा पाळणारा शोधावा, आणि देताना समुद्रफेनाचे चार तुकडे सोबत द्यावेत.